मी नेमका कशाला हात वर केला? (एका बुधवारची गोष्ट)

थालीपीठआजी

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण तिथवर पोचायला अख्खा बुधवार सांगावा लागेल. कंटाळा आला तर शेवटच्या परिच्छेदावर उडी मारा, रागावणार नाही.

वय ७४, निवृत्त शिक्षिका, मुक्काम सहकारनगर. नोव्हेंबर लागला की आम्हा पेन्शनरांना आपण जिवंत आहोत हे बँकेत जाऊन सिद्ध करावं लागतं. तो हयातीचा दाखला यंदा लवकर उरकायचा असं ठरवून बुधवारी सकाळी नवाला निघाले. हातात दोन पिशव्या. एकीत भाजून गार केलेलं भाजणीचं धान्य, दुसरीत पासबुक, आधार, पाण्याची बाटली आणि मैत्रिणीला द्यायची वाचनालयाची दोन पुस्तकं.

गिरणीवाला म्हणाला, भाजणीची चक्की वेगळी, ती बाराला लावतो, ठेवून जा. ठेवली.

बँकेत माझा अंगठा मशीनला पसंत पडेना. उजवा झाला, डावा झाला, मग तर्जनी झाली. काउंटरवरची मुलगी गोड होती. म्हणाली, "आजी, भांडी घासून ठसे गेले तुमचे." मी म्हटलं, बाई, खडूनं गेलेत. छत्तीस वर्षं फळा पुसलाय. शेवटी तिनं मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला आणि डोळे मिचकवा म्हणाली. मी तिच्याशी दहा मिनिटं गप्पा मारतेय, पण जिवंत कधी ठरले, तर मोबाइलकडे बघून डोळे मिचकावले तेव्हा.

तिथून नारायण पेठेत मैत्रिणीकडे. तिच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झालेत, जिना उतरत नाही, म्हणून आम्ही तिघी दर बुधवारी तिच्याकडेच जमतो. मुगाची खिचडी, पापड, ताक. एकीच्या नातीचं लग्न मोडलं त्यावर दीड तास आणि लोणच्यावर अर्धा. चारला मंडईत. आवळे घेतले, ओली हळद घेतली, तुळशीबागेत फॉल-बिडिंगला दिलेली साडी घेतली. कानाच्या मशीनचे सेल घ्यायचे राहिले. चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, चिठ्ठी भाजणीच्या पिशवीत.

संध्याकाळी सहाला सदाशिव पेठेत एका वाचनालयाच्या सभागृहात व्याख्यान होतं. विषय पुण्याचं जुनं पाणी, म्हणजे कात्रजचा तलाव, तिथून आलेला नळ आणि पेठांमधले हौद. मी पहिल्या रांगेत. वक्ता तरुण, पण अभ्यास चांगला, बोलणं मोकळं. सव्वासातच्या सुमारास कानात टीं-टीं झालं. मला वाटलं कुणाचा तरी मोबाइल, म्हणून मी मागे वळून डोळेसुद्धा वटारले. दोन मिनिटांत मशीन गप्प. पर्समध्ये जुना एक सेल होता, तो अंधारात चाचपडून घातला, तोही मेलेला. आता नुसती तोंडं हलताना दिसत होती. मध्येच सगळे हसले, मीही हसले. मग आजूबाजूला भराभर हात वर झाले. शिक्षिकेची सवय, वर्गात सगळ्यांचे हात वर असताना आपला खाली बरा दिसत नाही. मीही केला. तर वक्ता माझ्याकडे बघून थांबला, काहीतरी म्हणाला, आणि अख्ख्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या! नंतर एक मुलगी वही घेऊन आली. हजेरीची असेल म्हणून मी नाव आणि फोन लिहून दिला.

तर प्रश्न असा: बुधवारी तिथं कुणी होतं का? मी नेमका कशाला हात वर केला?

सदाशिवी_टोमणा

देहदान. अभिनंदन.

कट्ट्यावरचा

=)) =)) टोमणाशेठ!
मला वाटतं वक्त्यानं विचारलं असेल, "माझं बोलणं कुणाकुणाला ऐकू येत नाहीये?"

मृद्गंध

आजी, धागा भारी. पण भाजणीचं काय झालं? चक्की बाराला लागली, तुम्ही रात्री घरी. गिरणी आठला बंद होते. मला हा प्रश्न हातापेक्षा जास्त छळतोय.

डेक्कनचा_राजहंस

सकाळी ९ ते रात्री ८. तब्बल ११ तास. आजी, मी ४१ वर्षांचा आहे आणि रविवारी दूध आणायला जायचं तर आदल्या रात्रीपासून मनाची तयारी करतो.

एक_मुलगा

सगळे हसताहेत, म्हणून जरा वेगळं लिहितो. राग मानू नका.

माझे वडील ७८ चे. त्यांनाही व्याख्यानांचं वेड. दोन वर्षांपूर्वी असंच एक व्याख्यान ऐकून रात्री साडेआठला बाहेर पडले. सभागृहाच्या पायऱ्यांवर दिवा नव्हता. शेवटची पायरी दिसली नाही. मनगट आणि खुबा दोन्ही. रिक्षा मिळेना म्हणून पाऊण तास तिथंच बसून होते, मोबाइल खिशात, पण आम्हाला फोन केला नाही, कारण "तुम्ही कामात असाल." मी तेव्हा हैदराबादला. पोचेपर्यंत दुसऱ्या दिवशीची दुपार.

तेव्हापासून आम्ही त्यांना संध्याकाळचं बाहेर जाऊ देत नाही. व्याख्यानं यूट्यूबवर असतात, मोठा टीव्ही घेऊन दिलाय. ऐकायचंच आहे ना? मग घरी काय वाईट?

थालीपीठआजी

@एक_मुलगा, राग कशाचा? माझा मुलगा बंगळूरला असतो, तोही शब्दन्‌शब्द हेच म्हणतो. तुमच्या बाबांचं वाचून वाईट वाटलं. खुबा कसा आहे आता?

टीव्हीचं म्हणाल तर आमच्याकडेही आहे. आमचे हे टीव्हीवर व्याख्यान लावतात आणि सातव्या मिनिटाला घोरतात. सभागृहात घोरले तर शेजारचा कोपर मारतो, एवढाच फरक.

चौकस

@एक_मुलगा, "जाऊ देत नाही" हा शब्द खटकला. ते ७८ चे आहेत, ८ चे नाहीत.

एक_मुलगा

@चौकस, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर तुम्ही बसला नव्हता. शब्दावर बोट ठेवणं सोपं असतं.
@आजी, वॉकरवरून काठीवर आलेत. विचारलंत, बरं वाटलं.

कान_डोळा

व्यवसायानं श्रवणतज्ज्ञ आहे, म्हणून सेलबद्दल थोडं. आजी, तुमच्या सेलच्या पाकिटावरच्या चिकटपट्टीचा रंग कोणता? तपकिरी असेल तर ३१२ नंबर, केशरी असेल तर १३, पिवळा तर १०, निळा तर ६७५. नंबर न आठवला तरी रंग आठवतो, दुकानात रंग सांगितला तरी चालतं.

हे झिंक-एअर सेल असतात, म्हणजे हवा लागली की चालू होतात. ती चिकटपट्टी काढली की सेल वापरा न वापरा, उतरायला लागतो. परत चिकटवून उपयोग नाही. तुमच्या पर्समधला "जुना एक" बहुधा पट्टी निघालेलाच असणार. आणि नवा सेल घालताना पट्टी काढून मिनिटभर तसाच ठेवायचा, मग मशीनमध्ये. लगेच घातला तर पूर्ण जोर धरत नाही, लोकांना वाटतं सेलच खराब.

टीं-टीं म्हणजे सेल संपत आल्याची सूचना. ज्यांच्याकडे डोळे वटारलेत त्यांची माफी मागा :)

थालीपीठआजी

तपकिरी! आणि हो, पर्समधला पट्टी निघालेलाच होता. नाण्यांच्या कप्प्यात लोळत होता. डॉक्टर, तीन वर्षं मशीन वापरतेय, मिनिटभर थांबायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आज करून बघितलं. आमचे हे स्वयंपाकघरात पुटपुटले ते दिवाणखान्यात ऐकू आलं. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

कट्ट्यावरचा

सांगूही नका. हेर खात्याला असे सेल हवेच असतात.

पेन्शनर_नं_१

दाखल्याबद्दल चार ओळी, कारण दरवर्षी नोव्हेंबरात माझ्या ओळखीतले निम्मे लोक रांगेत उभे असतात.

डिजिटल हयातीचा दाखला केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू केला. आधी बोटाचा ठसा किंवा बुबुळ लागायचं. २०२१ पासून चेहऱ्यावरून होतो. साधा अँड्रॉइड फोन चालतो, 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' अशी दोन ॲप लागतात. आजींना डोळे मिचकवायला लावले ते हेच. मुलाबाळांच्या फोनवरून घरबसल्या होतं. केंद्राचे पेन्शनर ८० च्या पुढचे असतील तर त्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरच्या गर्दीत जायचं कारण नाही. ईपीएफओच्या पेन्शनवाल्यांना तर नोव्हेंबरची अटच नाही. वर्षात कधीही द्या, त्या तारखेपासून एक वर्ष चालतो.

राज्य सरकारच्या पेन्शनरांची बँकेत यादी येते, त्यावर सही केली तरी काम होतं. आजींना मशीनपाशी का नेलं कळलं नाही. "यादीवर सही करते" म्हणायचं.

थालीपीठआजी

यादीवर सहीच करते दरवर्षी. यंदा ती मुलगी म्हणाली, आजी, नवीन पद्धत करून बघू या. नवीन म्हटलं की मला राहवत नाही.

एकारांती

>> चारला मंडईत. आवळे घेतले, ओली हळद घेतली

आणि हे ओझं घेऊन व्याख्यानाला? आजी, क्रम चुकला. मंडई कायम शेवटी.

थालीपीठआजी

शेवटी मंडईत उरलेलं मिळतं. आणि पिशवी पहिल्या रांगेत खुर्चीखाली ठेवली होती. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, ओली हळद कुठून घेतलीत, कशी दिली. व्याख्यान सुरू व्हायच्या आधी आमची दोस्ती झाली. यूट्यूबवर शेजारी कोण असतं?

वैतागवाडी

व्याख्यानांवर माझी जुनी तक्रार इथं मांडतो. पत्रिकेत सहा लिहितात. सव्वासहाला "मान्यवरांचं आगमन होत आहे." मग दीपप्रज्वलन, त्यात काडी विझते. मग स्वागतगीत. मग ज्यांनी दीपप्रज्वलन केलं त्यांचा परिचय, ज्यांनी परिचय करून दिला त्यांचा सत्कार, शाल, श्रीफळ, रोप (रोप घेऊन कसं जायचं हा विचार पाहुण्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो). अध्यक्ष "मी जास्त वेळ घेणार नाही" म्हणून पंचवीस मिनिटं घेतात. वक्त्याला माइक मिळतो तेव्हा सात वाजलेले असतात आणि आयोजक घड्याळ दाखवायला लागतात. आजी, तुमचा सेल सव्वासातला गेला म्हणता. मला आश्चर्य वाटतं की तोवर व्याख्यान सुरू झालेलं होतं.

सदाशिवी_टोमणा

वैतागवाडी, आभारप्रदर्शन राहिलं. "ज्ञात-अज्ञात" हातांचे आभार मानल्याशिवाय पुण्यात दार उघडत नाहीत.

जुना_वाचक

वसंत व्याख्यानमालेला मी १९७२ पासून जातोय, तिथं मात्र वेळ पाळली जायची. वैतागवाडी म्हणतात तसं सरसकट नाही.

तरुण मंडळींसाठी: ही माला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली. दरवर्षी २१ एप्रिल ते २० मे. एवढ्या वर्षांत प्लेग, युद्धं, काय काय झालं, तरी पुणेकर उन्हाळ्यात रोज संध्याकाळी टिळक स्मारक मंदिराकडे चालायला लागतो. मी नोकरीत असताना थेट ऑफिसातून डबा हातात घेऊन जायचो. गंमत म्हणजे त्याच १८७५ च्या पावसाळ्यात रानड्यांच्या पुढाकारानं स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले, त्यांची पंधरा भाषणं झाली, आणि पुढं त्यांची मिरवणूक निघाली तेव्हा शहरात दंगासुद्धा झाला. भाषण ऐकायला जाणं हे तेव्हा काही पेन्शनरांचं काम नव्हतं. दगड खायची तयारी लागायची.

गोदाकाठचा

नुसतं पुणे-पुणे नको. आमच्या नाशकातली वसंत व्याख्यानमाला मे महिन्यात गोदाघाटावर, यशवंतराव महाराज पटांगणात असते. उघड्यावर, वारा येतो, समोर नदी. पायऱ्यांवर बसायचं. खुर्चीचं भाडं नाही आणि कुणी पेंगलं तर डास उठवतात.

ठाण्याची_मावशी

आमची रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला जानेवारीत असते. आठवडाभर रोज. आमची सोसायटीतली दहा जणींची टोळी जाते, येताना चालत. @एक_मुलगा, वडिलांना टोळी करून द्या. एकटं माणूस पडतं, टोळी पडत नाही. पडली तर एकमेकींवर पडते.

सातारी_कंदी

मी ७६. साताऱ्यातनं पुण्याला व्याख्यानाला येतो आणि रात्रीच्या एसटीनं परत जातो, खोटं नाही सांगत. पंचाहत्तरी झाली की एसटीत तिकीट शून्य. ऑगस्ट २०२२ पासनं आहे ही सवलत. घरचे म्हणतात, फुकट आहे म्हणून जाता. मी म्हणतो, होय, फुकट आहे म्हणूनच जातो, मग काय करता?

पास झाल्या झाल्या पहिला महिना नुसताच फिरलो. वाई, महाबळेश्वर, पंढरपूर. कंडक्टर नातवासारखा ओळखायला लागला. "आजोबा, आज कुठं?"

टोरांटोची_लेक

हा धागा वाचताना डोळ्यांत पाणी आलं. आई सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आली आहे. इथं सगळं आहे, पण गाडी चालवता येत नसेल तर घराबाहेर पाय टाकता येत नाही. बाहेर उणे चार. तिचा दिवस म्हणजे आमची वाट बघणं. परवा मला म्हणाली, "इथं काम म्हणून कुठं जायचंच नसतं गं." मी तिला म्हटलं, आराम कर की. ती काही बोलली नाही. आजींची भाजणीची पिशवी वाचली आणि तिला काय म्हणायचं होतं ते आत्ता कळलं. तिला हा धागा वाचून दाखवला. तिचा एकच प्रश्न: भाजणीत धने किती घातले?

थालीपीठआजी

आईला नमस्कार सांग. किलोभर भाजणीला मूठभर. माझी मूठ लहान आहे. आणि तिला म्हणावं, एप्रिलमध्ये परत आलीस की बुधवारी ये, पाचवी जागा रिकामी आहे.

मृद्गंध

पण भाजणी कुठाय??

थालीपीठआजी

अगं हो! रात्री पावणेआठला सभागृहाबाहेर आल्यावर आठवलं. कान बंद, त्यामुळे फोन करूनही उपयोग नाही, मी बोलणार आणि तिकडचं ऐकू येणार नाही. तरी यांना फोन लावला, "गिरणी, गिरणी, गिरणी" असं तीनदा म्हणाले आणि ठेवून दिला. शेजारून जाणारी कॉलेजची मुलं दचकली. घरी आले तर ओट्यावर पिशवी आणि हे विजयी मुद्रेनं उभे. गिरणीवाला कुलूप लावत असताना गाठला म्हणे. वर म्हणतात, तुझ्या आवाजावरून वाटलं कुठं आग लागली.

आले कशी तेही लिहिते, कारण @एक_मुलगा यांचा खरा प्रश्न तोच आहे. मंडई स्टेशनपर्यंत हळदवाल्या गृहस्थांची सोबत होती. मेट्रोनं स्वारगेट, खाली-वर सरकता जिना नको वाटतो म्हणून लिफ्ट, आणि स्वारगेटहून रिक्षा. पूर्वी याच रस्त्याला रात्री रिक्षावाले "सहकारनगर? नाही जमणार" म्हणायचे. एक टॉर्च पर्समध्ये असतो, नातवानं दिलेला. पायरी दिसली नाही की मी कुणाची लाज न बाळगता तो लावते.

एक_मुलगा

आजी, हळदवाले गृहस्थ म्हणजे ज्यांना तुम्ही दोन तास आधी भेटलात ते? :)

थालीपीठआजी

हो. आडनाव अजून माहीत नाही. ओली हळद कशी दिली ते विचारणारा माणूस घातकी नसतो.

वऱ्हाडी_ठेचा

मले एक सांगा, एवढे प्रतिसाद झाले, हात कशाले वर केला हे कोणी सांगून नाही राह्यलं! मूळ धागा कुठी गेला?

नळस्टॉप

धाग्यावर उशिरा आलो, पण मूळ प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. मी बुधवारी तिथं होतो. तिसऱ्या रांगेत. आजी, तुम्ही जांभळी शाल घेतली होती ना? आणि हो, वटारलेले डोळे माझ्याकडे होते. माझा फोन सायलेंटवर होता, कसम से.

सांगतो, पण नीट सांगतो, कारण शेवटची वीस मिनिटंच भाषणाचा अर्क होती आणि नेमकी तीच तुमची बुडाली.

कात्रजचं पाणी नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर शहरात आलं. कुठं पंप नाही, काही नाही. नुसत्या उतारानं. जमिनीखालून बांधलेला दगडी नळ, आणि वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास म्हणजे वर डोकावणारे बांधीव मनोरे. त्यातून आत कोंडलेली हवा बाहेर पडते, नाहीतर पाणी अडतं. नळाचं पाणी शनिवारवाड्यात आणि पेठांमधल्या हौदांत पडायचं. सदाशिव पेठ हौद, बदामी हौद, काळा हौद ही नावं अजून रिक्षावाल्याला सांगितली तर तो बरोबर नेतो, हौद दिसो न दिसो. वक्ता म्हणाला, गाव नळानं पाणी प्यायला लागलं आणि हौद पत्त्यापुरते उरले. तेव्हा सगळे हसले. तुम्हीही हसलात म्हणता, ते बरोबर जागी हसलात.

मग त्यानं विचारलं, "इथं कुणी हौदाचं पाणी प्यायलंय का?" हात फक्त दोन वर झाले. एक ऐंशीच्या पुढचे आजोबा आणि एक बाई. तुमचा नव्हता.

त्यानंतर तो म्हणाला, "येत्या रविवारी सकाळी साडेसहाला कात्रजच्या तलावापाशी जमू आणि नळाच्या वाटेनं, उच्छ्वास बघत बघत, पायी शहरात येऊ. सगळं मिळून आठ-दहा किलोमीटर. कोण कोण येणार?"

तेव्हा पोरांनी भराभर हात वर केले आणि पहिल्या रांगेत तुम्ही. तो थांबून म्हणाला, "आजी आल्या, आता तुम्हा कुणाला दमलो म्हणायची सोय नाही." त्यावर टाळ्या.

वही हजेरीची नव्हती. रविवारची होती.

सदाशिवी_टोमणा

देहदानच निघालं की शेवटी!

कट्ट्यावरचा

=)) =)) =)) आठ-दहा किलोमीटर!

जुना_वाचक

आजी, न विचारता वहीत नाव जाणं हे पुण्याला नवीन नाही. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे, शहरातली प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानालाच गेली होती. नंतर चहा-बिस्किटं आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता कप हातात धरला. पुढं 'पुणे वैभव'मध्ये सगळ्यांची नावं छापून आली आणि टिळक-रानड्यांपर्यंत सगळे प्रायश्चित्ताच्या वादात सापडले. तुमचं नुसतं चालण्यावर भागतंय.

डेक्कनचा_राजहंस

आणि योगायोग बघा, तोही हौदच!

एक_मुलगा

आजी, प्लीज फोन करून नाही म्हणून सांगा. त्यांना कल्पना नाहीये की तुम्हाला ऐकू आलं नव्हतं. समजून घेतील.

थालीपीठआजी

@नळस्टॉप, कान धरते (मशीन काढून). डोळे वटारल्याबद्दल माफी.

रविवारचं नंतर बघू. मी दुसऱ्याच गोष्टीनं सकाळपासून अस्वस्थ आहे.

१९६१ ला मी दहा वर्षांची होते. आम्ही तेव्हा सदाशिव पेठेत राहायचो. १२ जुलैला पानशेत फुटलं, मग खडकवासला. आमचा वाडा उंचावर होता म्हणून वाचला, पण नळाला पाणी नाही, एक थेंब नाही. आई मला आणि थोरल्या भावाला कळशी देऊन हौदावर पाठवायची. एरवी त्या पाण्यात कुणी बोटही घालत नसे. माझ्या हातात छोटी पितळी कळशी, तिचा काठ चेपलेला, तो कमरेला टोचायचा. रांगेत पुढं एक म्हातारी होती, ती प्रत्येकाला बजावायची, पोहरा तळाशी टेकवू नका रे, गाळ उठतो. पाणी आणलं की आई ते पातेल्यात उकळायची, फडक्यानं गाळायची. त्याला मातीचा वास यायचा. शाळेतून आल्यावर तहान लागली होती म्हणून एकदा न उकळलेलंच प्यायले, ओंजळीनं, तिथंच. घरी कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगतेय.

तर ज्या प्रश्नाला माझा हात वर जायला हवा होता, त्याला मी पर्समध्ये सेल शोधत होते. आणि आठ-दहा किलोमीटर चालायला हात वर केला!

ठाण्याची_मावशी

आजी... वाचताना त्या कळशीचा काठ मलाही टोचला.

जुना_वाचक

१२ जुलैनंतरचे ते दिवस मला आठवतात. आमच्याकडे विहिरीचं पाणी होतं, रांग मात्र तशीच. आजी, हे त्या वक्त्याला सांगाच. असं सांगणारी माणसं आता कमी आहेत.

नळस्टॉप

मी रविवारी जातोच आहे. आजी, त्याला तुमचा निरोप देऊ का? की फोनवर सांगता?

थालीपीठआजी

फोनवर नको. आज तपकिरी पट्टीची दोन पाकिटं आणली आहेत. सातारा रस्त्यावर तुम्ही आमच्या बाजूला याल तेव्हा मी येऊन उभी राहते. तिथून पुढं एक तास, जमेल तेवढं. नंतर रिक्षा. @एक_मुलगा, टॉर्च नेत नाही, सकाळ आहे.

एक_मुलगा

बाबांना हा धागा काल वाचून दाखवला. पानशेतपाशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि स्वतःचं सांगायला सुरुवात केली. दीड तास. मी हे कधी ऐकलं नव्हतं. ते भवानी पेठेत होते.

पुढच्या बुधवारी तिथंच दुसरं व्याख्यान आहे म्हणतात. मी त्या आठवड्यात पुण्यात आहे. पायऱ्यांवर दिवा आहे का, कुणी सांगेल का?

नळस्टॉप

दिवा आहे, उजवीकडे कठडाही आहे. डावीकडून उतरू नका, तिथं लोक चपला काढून ठेवतात.

मृद्गंध

रविवार झाला! आजी, वृत्तांत?

थालीपीठआजी

गेले होते. तासभर म्हणता म्हणता पावणेदोन तास झाले. सोबत हळदवाले गृहस्थही होते. त्यांनीही वहीत हजेरी समजूनच नाव लिहिलं होतं. सगळ्यांना थालीपिठं दिली, चौदा केली होती, कमी पडली.

हौदाचं त्या मुलाला सांगितलं. त्यानं वही काढून सगळं लिहून घेतलं आणि कळशी केवढी होती ते हातानं दाखवायला लावलं.

एक उच्छ्वास अगदी जवळून बघितला. माझ्याहून उंच, चुन्यातलं बांधकाम, वरून पिंपळ फुटलेला. मुलं म्हणाली, आजी, कान लावून बघा, पूर्वी म्हणे आत पाण्याचा आवाज यायचा. लावला. काही ऐकू आलं नाही. सेल नवा होता, मिनिटभर थांबूनच घातला होता.